थार, जिम्नीला मोठे टायर टाकायचेत? आधी हा हिशोब करा

पावसाळा जवळ आला की मोठ्या टायरचे प्रश्न सुरू होतात. थारला 285 मिमी रुंदीचे बसतील का, जिम्नीला 235 चे टाकू का, लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) लागेल का वगैरे. बसतील का याचं उत्तर सोपं आहे, थोडं कापाकापी केली तर बरंच काही बसतं. पण बसल्यानंतर गाडी कशी चालेल, चढाला किती ओढेल, घाट उतरताना किती थांबेल याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, आणि ऑफरोड करणाऱ्याला तेच आधी माहीत असायला हवं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी फायदा बघू, कारण फायदा खरा आहे. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) आहे, थारला पुढे इंडिपेंडंट (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आणि मागे सॉलिड. सॉलिड अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफचा (डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) जो गोळा लटकतो तोच गाडीचा सगळ्यात खाली असणारा भाग, आणि दगड पहिला तिथेच लागतो. आता लिफ्ट किट टाकलं तर बॉडी आणि चासी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. गोळा वर न्यायचा एकच मार्ग म्हणजे टायरचा व्यास वाढवणं. शिवाय मोठं चाक पायरीसारख्या दगडावर सहज चढतं, अप्रोच आणि डिपार्चर अँगल (पुढचा-मागचा बंपर न घासता चढता-उतरता येणारा कोन) सुधारतो, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत गाडी पोटावर बसत नाही. दोन इंची लिफ्ट टाकून स्टॉक (कंपनीचे मूळ) टायर ठेवणाऱ्यांना हे नीट समजावून सांगावं लागतं, कारण गाडी उंच दिसते पण पाणंदीतून जाताना मधला दगड मागच्या डिफला तसाच लागतो.

पण किती वर जाते? इथे हिशोब करा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. टायरवर 245/75 आर16 असं लिहिलेलं असतं. 245 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 75 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 75 टक्के, 16 म्हणजे रिम इंचात. तर 245 चे 75 टक्के 183.75, असे वर-खाली दोन म्हणजे 367.5, त्यात रिमचे 16 गुणिले 25.4 म्हणजे 406.4 मिळवा, आले 774 मिमी. हा 16 इंची रिमवाल्या थारचा स्टॉक टायर. आता 285/75 आर16 काढा, येतात 834 मिमी. फरक 60 मिमी, पण गाडी वर जाते त्याच्या निम्मी, 30 मिमी, कारण निम्मा व्यास अ‍ॅक्सलच्या वर असतो. 18 इंची रिमवाल्या थारचा 255/65 आर18 काढलात तर तो 789 मिमी येतो, म्हणजे 16 वाल्यापेक्षा आधीच थोडा मोठा आहे, फक्त साइडवॉल कमी आहे.

जिम्नीचा स्टॉक 195/80 आर15 म्हणजे 693 मिमी. बऱ्याच जणांची पसंती 215/75 आर15 ला असते, तो 703 च्या आसपास, म्हणजे गोळा वर जातो फक्त 5 मिमी. उंचीसाठी तो घेण्यात काही अर्थ नाही, पण त्या साइजमध्ये चांगलं ट्रेड (टायरची नक्षी) मिळत असेल तर जरूर घ्या. 235/75 आर15 म्हणजे 733 मिमी, इथे 20 मिमी उंची मिळते आणि इथूनच किंमत मोजायला सुरुवात होते.

पहिली किंमत गिअरिंगची. इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी), डिफमधून चाकापर्यंत येतो आणि जमिनीवर जी ओढ तयार होते ती टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या एवढी असते. त्रिज्या वाढली की ओढ कमी, तेवढ्याच प्रमाणात. 774 वरून 834 म्हणजे व्यास 7.75 टक्के वाढला, ओढ साधारण 7 टक्क्यांनी घटली. म्हणजे 300 न्यूटन मीटरचं डिझेल तुम्हाला 278 सारखं जाणवणार, प्रत्येक गिअरमध्ये, कायमचं. जिम्नीचं 1.5 लिटरचं पेट्रोल इंजिन मुळात 134 न्यूटन मीटरचं, 235/75 टाकले की ते 127 सारखं वागतं, आणि पेट्रोल असल्यामुळे खालच्या आरपीएमला आधीच दम कमी असतो त्यामुळे जिम्नीवाल्याला हे थारवाल्यापेक्षा जास्त बोचतं.

दुसरी किंमत वजनाची, आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. पिकअप मेला की सगळे म्हणतात टायर जड आहेत म्हणून. खरं तर वजनाचा वाटा वाटतो त्यापेक्षा कमी आहे. समजा स्टॉक टायर 18 किलोचा आणि नवीन एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलाचा टायर) 26 किलोचा, चार चाकांचे मिळून 32 किलो वाढले. टायरचं वजन बहुतेक सगळं परिघाजवळ असतं, आणि गोफण फिरवताना दोरीच्या टोकाचा दगड हाताला जसा जड लागतो तसं हे फिरणारं वजन इंजिनला त्याच्या खऱ्या आकड्यापेक्षा जास्त वाटतं, पण जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, टायरच्या बाबतीत धरा पावणेदोनपट. म्हणजे 32 किलो साधारण 55 किलोसारखे वाटणार, गाडीत एक माणूस जास्त घेतल्याइतके. पावणेदोन टनांच्या आसपासच्या गाडीला हे 3 टक्के झाले. व्यासाचा फटका मात्र 7 टक्के. त्यात एमटीच्या मोठ्या ब्लॉक्समुळे रोलिंग रेझिस्टन्स वाढतो तो वेगळाच. तर पिकअप मुख्यतः व्यास खातो, वजन खातं सस्पेंशन, बेअरिंग आणि ब्रेकशी संबंधित सगळं. हा फरक लक्षात ठेवलात तर कुठे तडजोड करायची ते ठरवणं सोपं जातं.

ब्रेकबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडे घाट आहेत. चाक थांबवणारा टॉर्क डिस्क आणि ड्रममध्ये तयार होतो, तो तुमच्या नवीन टायरने वाढत नाही. त्रिज्या वाढली की तेवढ्याच पेडलला जमिनीवरची अडवणूक कमी होते, वर फिरणारं वजनही थांबवायचं असतं. सपाट रस्त्यावर तुम्ही नकळत पेडल थोडं जास्त दाबता आणि काही कळत नाही. पण ताम्हिणी किंवा वरंध उतरताना, गाडीत चार माणसं, मागे सामान, तेव्हा तीच गाडी जास्त उष्णता तयार करते आणि ब्रेक लवकर ढिले पडतात. आणि अजून एक गोष्ट, इंजिन ब्रेकिंगसुद्धा त्याच 7 टक्क्यांनी कमी होतं कारण तेही चाकातूनच येतं. त्यामुळे आधी जो उतार तुम्ही तिसऱ्यात उतरायचात तो आता दुसऱ्यात उतरायचा अशी सवय लावून घ्या. फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद आणि सगळ्यात हळू गिअरिंग) दगडी उतारावर पहिल्या गिअरला ब्रेक न लावता गाडी जेवढी हळू उतरायची तेवढी आता उतरणार नाही, थोडी पुढे पळेल, हे पहिल्यांदा कड्यालगत कळण्यापेक्षा एखाद्या सोप्या उतारावर करून बघा.

चढाचंही तसंच. फोर लोमध्ये गिअरिंगला इतकी सूट असते की 7 टक्के गेले तरी गाडी चढते, म्हणून ट्रेलवर फारसं कोणी तक्रार करत नाही. त्रास होतो हाय रेंजमध्ये (रोजच्या रस्त्यावरच्या गिअरिंगमध्ये), म्हणजे घाटात मागे ट्रक थांबलाय आणि चढावर गाडी उचलायची आहे, तिथे हाफ क्लच जास्त वेळ धरावा लागतो आणि क्लचप्लेट जळते. मॅन्युअल असेल तर कच्च्या खड्या चढाला आधीच फोर लो टाका, गाडी मध्येच अडकल्यावर नाही. हायवेला टॉप गिअरमध्ये आरपीएम कमी दिसतो आणि वाटतं मायलेज वाढेल, पण थोडा चढ किंवा समोरून वारा आला की गिअर खाली टाकावा लागतो, त्यामुळे तो फायदा राहत नाही.

मायलेज मोजताना मात्र एक दुरुस्ती करा. टायर मोठा झाला की ओडोमीटर कमी दाखवतो. 285/75 वर मीटरने 400 किमी दाखवले तर गाडी खरी 431 गेलेली असते. 40 लिटर लागलं असेल तर तुम्ही म्हणता 10 चं मायलेज, खरं आहे 10.8. मायलेज पडतंच, पण लोक सांगतात तेवढं नाही. हाच फरक स्पीडलाही आहे, मीटर तंतोतंत असेल असं धरलं तर काटा 80 वर असताना गाडी 86 वर असते, स्पीड कॅमेऱ्यासमोर आणि वळणावर दोन्हीकडे हे लक्षात असू द्या. जीपीएसवर एकदा ताडून बघा.

आता वजनाने काय होतं. चाक, टायर, अ‍ॅक्सल हे स्प्रिंगच्या खालचं वजन. ते वाढलं की खड्ड्यावरून चाक जोरात वर येतं आणि शॉकअपला ते आवरायला जास्त कष्ट पडतात, चाक जमिनीवर परत टेकायला उशीर लागतो. खडबडीत रस्त्यावर गाडी थडथडते ती यामुळे, आणि चाक हवेत असताना ना ब्रेक लागतो ना ग्रिप मिळते. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड लवकर खेळ दाखवायला लागतात. जिम्नीसारख्या पुढे सॉलिड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत स्टीअरिंगमध्ये जराही ढिलेपणा असेल तर जड टायरने 60-70 च्या स्पीडला स्टीअरिंग हलायला लागू शकतं, तेव्हा नुसता डॅम्पर बदलून काम झालं असं समजू नका, कुठे ढिलं आहे ते शोधा.

म्हणून माझा सल्ला, टायर घेताना साइजच्या आधी वजन विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर असतं, नाहीतर सरळ वजनकाट्यावर ठेवा. एकाच साइजमध्ये पाच-सहा किलोचा फरक सहज असतो, कारण काही टायर एलटी (लाइट ट्रक) बांधणीचे जास्त प्लायचे (थरांचे) असतात. ई लोड रेंजचा (लोड रेंज म्हणजे टायरच्या मजबुतीचा वर्ग, सी हलका, ई जड) टायर हेवी ट्रकसदृश गाड्यांसाठी आहे, जिम्नीसारख्या हलक्या गाडीला तो टाकला तर साइडवॉल दबतच नाही, दगडावर टायर आकार घेत नाही आणि तुम्ही जास्त पैसे देऊन ग्रिप घालवता. सी लोड रेंज मिळाली तर घ्या. थारला दगडी ट्रेल जास्त असतील तर जाड साइडवॉलचा उपयोग आहे, बेसॉल्टच्या धारदार कडा साइडवॉल चिरतात आणि साइडवॉलचं पंक्चर निघत नाही. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो तो आकडा) स्टॉकपेक्षा कमी नको. स्पीड रेटिंगही बघा, बऱ्याच एमटीवर क्यू असतं म्हणजे 160 पर्यंत. आणि साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा, 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर नवीन म्हणून घेऊ नका.

रुंदीचं काय? ते जमिनीवर अवलंबून आहे. कोकणातला लाल चिखल, खाली जांभा किंवा मुरूम, तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो आणि पकडतो, रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. वाळूत आणि खूप मऊ जमिनीत उलट, रुंद टायर वर तरंगतो. काळ्या मातीत मात्र दोघांचंही अवघड आहे, ती माती ट्रेडमध्ये भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. एमटीचे मोठे खाचे फिरताना माती फेकतात, पण त्यासाठी चाक वेगाने फिरायला हवं, आणि मोठं जड चाक चिखलात फिरवायला लागतो टॉर्क, जो तुम्ही नुकताच कमी केलाय. म्हणून काळ्या मातीत छोट्या इंजिनाची गाडी मोठ्या एमटीवर रुतलेली दिसते आणि स्टॉक साइजच्या एमटीवरची निघून जाते. तिथे फोर लो दुसरा किंवा तिसरा गिअर धरा म्हणजे चाकाला वेगही मिळेल आणि दमही.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट करून बघा आणि ही मी अगदी मनापासून सांगतोय. हवा कमी करा. 32 पीएसआयवरून 18-20 वर आणा, टायर लांबीत पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, दगडाभोवती वळतो, धक्के कमी होतात. शंभरातल्या बहुतेक ठिकाणी जिथे तुम्हाला मोठ्या टायरची गरज वाटते तिथे नुसती हवा काढल्यावर स्टॉक टायर निघून जातो. फक्त 15 च्या खाली जाताना जपून, बीडलॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी कडी) नसेल तर वळताना टायर रिमवरून उतरू शकतो, आणि हवा कमी असताना स्पीड 25-30 च्या वर नको. एक चांगला गेज आणि बॅटरीला लागणारा कॉम्प्रेसर एवढाच खर्च. ते करून झाल्यावर दुसरी पायरी म्हणजे स्टॉक साइजमध्येच एटी (ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चा दोन्हींसाठीचा टायर). या दोन्हीनंतरही डिफ वारंवार घासत असेल तर मग व्यास वाढवायचा विचार करा, आणि तोही एका वेळी थोडा. थारला 265/75 आर16 हा 804 मिमीचा टायर मला सगळ्यात समजूतदार वाटतो, 15 मिमी उंची मिळते आणि ओढ साडेतीन-चार टक्केच जाते.

285 किंवा त्याहून मोठे टाकायचेच असतील तर डिफचा रेशो बदलणं हा खरा उपाय. हिशोब तोच, जुना रेशो गुणिले नवीन व्यास भागिले जुना व्यास. समजा 3.73 असेल तर गुणिले 1.0775 म्हणजे 4.02, त्याच्या जवळचा सेट हवा. पण पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ एकाच रेशोचे हवेत, नाहीतर फोर बाय फोर टाकताच ट्रान्सफर केसवर ताण येईल. आपल्याकडे नवीन गाड्यांसाठी असे सेट सहज मिळत नाहीत आणि बसवणारा हातही तसा लागतो, म्हणून टायर घ्यायच्या आधी हे चौकशी करून ठेवा.

बसतो का ते तपासायची पद्धत. सपाट जमिनीवर फुल लॉक मारून बघितलं म्हणजे झालं असं नाही. एक पुढचं चाक मोठ्या दगडावर किंवा रॅम्पवर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेंशन पूर्ण दबेल, मग दोन्हीकडे फुल लॉक मारा. मागच्या चाकाचंही तसंच करा. कुठे घासतं ते बघा, फेंडर लायनर किंवा बंपरचा कोपरा असेल तर कापता येतो, चासी, अँटी रोल बार किंवा ब्रेक होज असेल तर ती साइज सोडून द्या. चाक बाहेर काढायला स्पेसर (चाकामागे बसवायची जाड चकती) लावू नका. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून चाक बसतं त्या पृष्ठभागाचं अंतर) बदलला की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टीअरिंग खड्ड्यात हातातून ओढलं जातं, त्यात जड टायर म्हणजे दोन्ही त्रास एकत्र. अलॉय बदलत असाल तर थारचं पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) 6 गुणिले 139.7 आणि जिम्नीचं 5 गुणिले 139.7, पण सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक) आणि ऑफसेटही जुळायला हवा.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेली साइज घेतली तर तुम्ही सुरक्षित बाजूला असता. फेंडरच्या बाहेर आलेले टायर तर नकोच, मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर दगड उडतात. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

स्टेपनी विसरू नका. पाच टायर एकाच साइजचे हवेत. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून पार्ट टाइम फोर बाय फोर (गरजेपुरती चारही चाकांवर चालणारी गाडी) चालवली तर ट्रान्समिशनवर ताण येतो, आणि एबीएस (ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघत असतात त्यांचाही गोंधळ होतो. थार आणि जिम्नी दोघींची स्टेपनी मागच्या दारावर असते, तिथे आठ-दहा किलो वाढले की बिजागरं आणि माउंट कच्च्या रस्त्यावर खिळखिळे होतात, दार खाली बसतं, लॉक नीट लागत नाही. त्या माउंटचे बोल्ट अधूनमधून आवळा, रबर स्टॉपर दाराला नीट टेकतोय का बघा.

टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट लगेच करा, आणि 50 ते 100 किमीनंतर नट टॉर्क रेंचने परत तपासा. हवा किती भरायची हे दाराच्या स्टिकरवरून ठरवू नका, तो आकडा स्टॉक टायरचा आहे, एलटी टायरला तेवढाच भार घ्यायला जास्त हवा लागते. सोपी पद्धत म्हणजे ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारा, सरळ डांबरी रस्त्यावर थोडं चालवा, मधली रेघ पुसली तर हवा जास्त, कडेची पुसली तर कमी, सगळी सारखी पुसली की तो आकडा लिहून ठेवा. आणि टायर बदलायच्या आधीच तुमच्या ओळखीचा एखादा चढ निवडून कुठल्या गिअरमध्ये किती आरपीएमला चढते ते नोंदवून ठेवा म्हणजे नंतर किती फरक पडला हे नक्की कळेल, गाडीत माणसं आणि सामान मात्र दोन्ही वेळा सारखं हवं.

पुढे दर सर्व्हिसला गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, चाक वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, जिम्नीत किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी). डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, खेळ लागला तर टाय रॉड एंड. पाण्यातून गेला असाल तर डिफचं ऑइल काढून बघा, पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. ब्रेक पॅड आणि मागचे ड्रमचे लायनर मोठ्या टायरवर लवकर जातात, त्यामुळे ते तपासायचं अंतर निम्म्यावर आणा.